निबरचा दांडा

हत्यारांच्या दुकानांची ती गल्ली अरुंद आहे. दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की आधी आवाज चढतात, मग वाट मिळते. गल्लीच्या टोकाला, लोहाराच्या भट्टीला लागून, दांड्यांचं एक दुकान आहे. हातोडा, कुदळ, फावडं, कुऱ्हाड, काय वाटेल ते आणा. लोखंड तुमचं, लाकूड त्यांचं. दुकानाला पाटी नाही आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही. गिऱ्हाईक बाहेरूनच ओरडतं, "निबरचा दांडा आहे का?" आतून एक बाई "आहे" म्हणते आणि दांडा हातात घेऊनच बाहेर येते. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नाही, एवढा एकच तोरा तिला परवडतो.

निबर हे त्या बाईचं टोपणनाव. नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, ही लाकडाची जात असावी. बाई त्यांची समजूत दुरुस्त करत बसत नाही. या शब्दाची निस्तरानिस्तर करण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलंय, आता उरलेलं तिला वाया घालवायचं नाही.

शब्द म्हातारा आहे. शहरात तो फारसं कुणी वापरत नाही, तिथे जून म्हणतात. या घरात तो आला तो बाईच्या आजेसासूबरोबर, तिच्या माहेरच्या बोलीतून. आजेसासू भाजी घ्यायला निघाली की भाजीवाले टोपल्या झाकायचे म्हणतात. भेंडीचं टोक कटकन मोडलं नाही की निबर. दुधी भोपळ्यात अंगठ्याचं नख रुतलं नाही की निबर, आणि भोपळा परत टोपलीत. तिच्या तोंडी निबर म्हणजे दोष, त्यात वाद नाही.

तिचा मुलगा, म्हणजे बाईचा सासरा, कातारी झाला, म्हणजे लाकूड लेथवर फिरवून गोल कातणारा. आईची शेती नव्हती, दागिने नव्हते. वारसा म्हणून त्याला मिळालं ते हे नख आणि हा शब्द. तो बुटक्या स्टुलावर बसून लाकडं निवडायचा. एकेका तुकड्यात अंगठ्याचं नख दाबून बघायचा. नख रुतलं की लाकूड कोवळं; ते काही न बोलता डावीकडे भिरकावलं जायचं आणि पुढे चुलीत जायचं. नख घसरलं की म्हातारा हनुवटी जरा वर उचलायचा, "निबर" म्हणायचा आणि तो तुकडा आपल्या उजव्या गुडघ्याशी ठेवायचा. परीक्षा तीच, नखही तेच. पण आईच्या टोपलीतून जे परत जायचं ते लेकाच्या गुडघ्याशी मानानं बसायचं. शब्द सासरी गेले की त्यांचं नशीब कधीकधी उघडतं.

तिसरा अर्थ माणसांचा. मार खाऊन खाऊन ज्याला काही वाटेनासं होतं, ओरडलं तरी जो हूं का चूं करत नाही, तोही निबर. हा अर्थ भाजीच्याच बाजूचा, आणि तो मात्र गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. माणसाला नावं ठेवायचा शब्द असला की त्याला बोलीची अडचण येत नाही.

बाई त्या घरात सून म्हणून आली तेव्हा तिची बोटं सुईची होती. बाप शिंपी. लाकूड म्हणजे काय तर कपड्यांचं कपाट, एवढीच तिची ओळख. सासू आधीच वारलेली. सासरा मोजकंच बोलणारा, आणि नवरा त्याचीही भरपाई करणारा. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात, हा तर दांडे विकत होता. गिऱ्हाईक हातोड्याला दांडा घ्यायला आलं की कुदळीलाही घेऊन जायचं. त्यानंच तिला दुकानातलं पहिलं काम लावून दिलं. ओली लाकडं कापून आली की त्यांच्या दोन्ही टोकांना गरम मेण फासायचं आणि ती मागच्या अंगणात सावलीला रचायची. टोकं उघडी राहिली आणि ऊन लागलं, की लाकूड आतून तडकतं. "तुझ्या-माझ्यासारखंच असतं ते," नवरा म्हणायचा, "उन्हात फार वेळ उभं केलं की डोकं फिरतं." ती हसायची. तो होता तोवर त्या घरात हसण्याची चंगळ होती.

मग तो गेला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला आणि हां हां म्हणता आटोपला. मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती.

घर माणसांनी भरलं. बाई भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडू येत नव्हतं असं नाही. ते कुठेतरी वाटेत अडकलं होतं. तिला मागच्या दारातून अंगण दिसत होतं. आदल्या दिवशी नवी लाकडं येऊन पडली होती, मेण कुणी लावलं नव्हतं, आणि सावली सरकून ऊन थेट त्यांच्या टोकांवर आलं होतं. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि उठली. भरल्या घरातून, सगळ्यांच्या देखत, ती मागे गेली आणि एकेक लाकूड ओढून सावलीला घेऊ लागली.

तिची पाठ घराकडे होती. पाठीमागून सासऱ्याचा आवाज आला, "निबर आहे."

तिनं वळून पाहिलं नाही. वळली असती तर त्याचा चेहरा दिसला असता आणि ही गोष्ट तिथेच संपली असती. पण हातात लाकूड होतं, आणि ती वळली नाही.

शेजारची लोहारीण तेव्हा सासऱ्याच्या जवळच बसली होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिनं तो शब्द उचलला आणि दिवे लागायच्या आत गल्लीभर वाटून टाकला. "नवरा घरात निजलाय शेवटचा, आणि ही लाकडं रचतेय! सासरा स्वतः म्हणाला, निबर आहे म्हणून." झालं. बाईचं खरं नाव त्या दिवशी बंद पडलं.

आता बाईला कळायला हवं होतं ते एवढंच: त्या दिवशी तो शब्द भाजीतला होता की लाकडातला? तिला निर्दय म्हटलं, की कसाला उतरली म्हटलं? ज्या माणसाच्या घरात उभा जन्म काढायचा, त्याच्या मनात आपण डावीकडच्या ढिगात आहोत की उजव्या गुडघ्याशी, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नव्हती. विचारलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण त्या घरात असलं काही विचारायची पद्धत नव्हती. त्यानं सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही, अळीमिळी गुपचिळी.

पहिली काही वर्षं वाईट गेली. नळावर बायका तिला वाट द्यायच्या, आणि ती वाट मानाची नव्हती. मुलगी शाळेतून एकदा फाटकी कॉलर घेऊन आली.

"आई, निबर म्हणजे काय?"

"कुणी म्हटलं?"

"सगळे म्हणतात. निबरची पोरगी."

"मजबूत," बाई म्हणाली. "आजोबांना विचार हवं तर."

आपण नाही तर मुलीनं तरी विचारावं, असा त्यात डाव होता. मुलगी धावत दुकानात गेली आणि धावतच परत आली. आजोबांनी तिला एक भोवरा कातून दिला होता आणि प्रश्न भोवऱ्याबरोबर फिरून पडला होता.

नवऱ्याच्या जाण्यानं विक्री बसली, म्हाताऱ्याची नजर अधू होऊ लागली, तशी बाई लेथपाशी जाऊन उभी राहिली. त्यानं शिकवलं नाही. तिनं बघून बघून शिकून घेतलं. पहिले दांडे तिनं असे कातले की लोहार म्हणाला, "वहिनी, हे ठोकायला आहेत की पाठ खाजवायला?"  दुसऱ्या दिवशी तिच्या बाजूच्या फळीवर म्हाताऱ्यानं एक पटाशी धार लावून ठेवली होती, आणि मग रोजच असायची. निवडायचं काम त्याचं, कातायचं हिचं, अशी वाटणी न बोलता झाली. तो लाकूड उजव्या गुडघ्याशी ठेवायचा आणि ती तिथून उचलायची. दिवसभरात दोघांमध्ये एकच शब्द व्हायचा, आणि तो लाकडाला उद्देशून असायचा. निदान तिनं तसं धरून चालायचं ठरवलं होतं.

दांडे सुधारले. नुसते सुधारले नाहीत, नावारूपाला आले. खडी फोडणाऱ्यांचा मुकादम लोहाराकडे हातोडा घेऊन आला, लोखंड झिजून पार चपटं झालेलं, दांडा जसाच्या तसा. लोहार म्हणाला, "निबरनं केलाय. तो कसला मोडतोय!" मुकादमाला वाटलं ते कारखान्याचं नाव. तो पुढच्या खेपेला "निबरचे दांडे" मागत आला आणि त्याच्यामागून त्याची माणसं आली. पुढे पुढे तर लोक नुसतं "एक निबर द्या" म्हणू लागले. जी लोहारीण शब्द वाटत फिरली होती, तीच आता दारात उभी राहून पत्ता सांगायची, "निबर ना? आमच्या शेजारीच की!" आवाजात अशी ऐट, जणू बारसं हिनंच केलं होतं. एका अर्थी केलंच होतं म्हणा. गल्ली कुणाची माफी मागत नाही. ती शब्दाचा अर्थ बदलते आणि आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो असा आव आणते.

बाईला याचं बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण गल्लीनं काय म्हणावं हा तिचा प्रश्न नव्हताच. ज्यानं शब्द पहिल्यांदा उच्चारला त्याच्याकडे उत्तर होतं, आणि तो रोज तिच्यापासून दोन हातांवर बसून नखं दाबत होता.

एके सकाळी म्हातारा स्टुलावरून उठताना कोसळला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. काही दिवसांनी बाई त्याला चमच्यानं पेज भरवत होती, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं आणि स्पष्ट म्हणाला, "निबर."

चमचा तिच्या हातातच राहिला.

मग कळलं की तेवढंच परत आलंय. पाणी हवं, निबर. खिडकी लावा, निबर. पाय दुखतोय, निबर. डॉक्टर म्हणाले, असं होतं. एखादा शब्द जिभेच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की बाकी सगळं वाहून गेलं तरी तो मागे राहतो. त्याला अर्थ असेलच असं नाही, त्यात अडकू नका. बाईनं मान डोलावली. अडकू नका म्हणे! या शब्दात आपण किती वर्षं अडकलोय हे डॉक्टरांना कोण सांगणार?

मुलगी आता टेलिफोनच्या ऑफिसात कामाला होती, जिभेनं बापावर गेलेली. तिनं त्या एका शब्दाचा कोशच केला. "आई, लांबवला की पाणी. तोडून म्हटला की खिडकी. आणि दोनदा म्हटला की तुझी भाजी बिघडलीय." म्हातारा अर्ध्या तोंडानं हसला. लोहारीण बघायला आली ती पलंगाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, "काय हो, ओळखलंत का मला?" म्हाताऱ्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि उत्तर दिलं, "निबर." लोहारीण चहा न घेताच गेली. मुलगी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसली, आणि बाईनं तिला दटावलं खरं, पण आवाजात दम नव्हता.

दुपारची वेळ होती. बाई त्याची नखं कापत होती. अंगठ्याचं नख जाड, पिवळट, लाकडं दाबून दाबून एका बाजूला झिजलेलं. तिनं कात्री थांबवली.

"मामंजी, एक विचारू?"

त्यानं पाहिलं.

"ते... हे गेले त्या दिवशी. मी लाकडं सावलीला घेत होते. तुम्ही मला काय म्हणालात?"

"निबर," म्हातारा म्हणाला.

"हो, तेच. तेच विचारतेय. म्हणजे काय?"

"निबर."

बाईला हसू फुटलं. आपलं आपल्यालाच. इतकी वर्षं तोंड शिवून बसलो, आणि विचारलं ते कधी, तर माणसाकडे तेवढा एकच शब्द उरल्यावर! बैल गेला आणि झोपा केला, याहून वेगळं काय? म्हातारा मात्र हसला नाही. त्याला प्रश्न कळला होता. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, मान ताणली, "नि... नि..." आणि शेवटी तोच शब्द इतक्या जोरानं बाहेर पडला की शेजारचा भाता थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईला स्वतःची लाज वाटली. तिनं त्याचं तोंड पुसलं आणि उरलेली नखं मुकाट्यानं कापली. अंगठ्यांची तेवढी ठेवली.

त्या आठवड्यात नणंद आली. नवरा गेला त्या दिवशी बापाच्या दुसऱ्या अंगाला तीच बसली होती, हे बाईला ठाऊक होतं. तिलाही कधी विचारलं नव्हतं. आता भीड चेपली होती म्हणा, किंवा धीर सुटला होता. भांडी विसळता विसळता तिनं विचारून टाकलं.

नणंद सरळ बाई. "खरं सांगू, वहिनी?"

"खरंच सांगा, ताई."

"रागच होता तो. माझ्याकडे बघून म्हणाले, डोळ्यात टिपूस नाही, निबर आहे. तोंड असं कडू झालं होतं त्यांचं." मग तिला वाटलं, फार झालं. "पुढे काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक. मला कधी काय सांगितलंय त्यांनी!"

"बरं झालं कळलं," बाई म्हणाली.

बरं कसलं झालं? फार वाईट वाटलं तिला. ज्या शब्दावर आपण दोन्ही बाजूंनी आशा लावून धरली होती तो एका बाजूनं सुटला, आणि सुटला तो भलत्या बाजूनं. ती दुकानात गेली, लेथ सुरू केला आणि हातोड्याचा एक दांडा मधोमध इतका बारीक कातला की तो तिच्या हातातच मोडला. तसं कधी झालं नव्हतं. तुकडे तिनं डावीकडे टाकले.

काम मात्र थांबत नाही, आणि म्हाताऱ्याचं करणंही थांबलं नाही. व्यायाम करून घ्यायला येणारी नर्स म्हणाली, आता आजोबांना उभं करू या, डाव्या हाताला एक काठी लागेल. काठी काय विकत आणायची? बाईनं म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून दुकानात आणलं, दोन-तीन लाकडं त्याच्या मांडीवर ठेवली आणि कोरडेपणानं म्हणाली, "तुमची काठी आहे. तुम्हीच निवडा."

त्यानं डावा हात उचलला. त्या हाताला ही सवय नव्हती. पहिल्या लाकडात नख रुतलं. ते त्यानं डावीकडे सोडून दिलं. दुसरंही तसंच. तिसऱ्यावर नख घसरलं. त्यानं पुन्हा दाबलं, आणखी एका ठिकाणी दाबलं. हनुवटी जरा वर गेली. "निबर." डावा हात अंगावरून आडवा नेत, धापा टाकत, त्यानं ते लाकूड उजव्या गुडघ्याशी नेलं. तिथे धरायला दुसरा हात नव्हता. लाकूड घरंगळू लागलं. बाईनं सवयीनं हात पुढे केला.

त्यानं तो हात धरला.

तिला वाटलं पाणी हवंय. पण त्यानं तिचा हात उलटा केला आणि तळव्यात अंगठ्याचं नख दाबलं. लेथनं तिथे जाड घट्टा पडला होता. नख घसरलं. त्यानं बोटांच्या मुळाशी दाबून पाहिलं, मग अंगठ्याखाली, शंका आलेल्या लाकडाला तपासायचा तसा, सावकाश, कुठे घाई नाही. सुईची बोटं घेऊन आलेल्या त्या हातात नख कुठेच रुतेना.

बाई त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. या वेळी तिची पाठ नव्हती. तिला त्याचा चेहरा पुरता दिसत होता, चालणारी बाजू आणि न चालणारी बाजू दोन्ही.

म्हाताऱ्यानं हनुवटी वर उचलली.

"निबर," तो म्हणाला, आणि तिचा हात आडवा ओढत नेऊन आपल्या उजव्या गुडघ्याशी, त्या लाकडावर, ठेवला. आपला हात त्यानं काढून घेतला नाही.

त्या दिवशी भरल्या घरात जे वाटेत अडकलं होतं ते आत्ता आलं. बाई आवाज न करता रडत होती आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

बाहेर एक हातगाडी थांबली. "निबरचा दांडा आहे का?"

बाईनं हात हलवला नाही.

"आहे," ती आतून म्हणाली. "थांबा जरा."